आंजीची पक्की विहीर

प्रवासवर्णन लिहावे इतका मी फिरलेलो नाही. भूगर्भशास्त्र शिकायला नागपूरला आलो, हाच आमच्या घराण्यातला मोठा प्रवास. तेव्हा वर्ध्याजवळच्या आंजीला चार दिवस राहून लगेच लिहायला बसलो, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गमित्र वसंता मला आपल्या गावी घेऊन गेला. वर्ध्याला आगगाडीतून उतरलो, पुढे बंडीने (बैलगाडीने). दोन्ही बाजूंना कपाशीची काळी, भेगाळलेली राने. घरी भाकर, ठेचा आणि कैरीचे पन्हे झाले, तशी वसंताच्या वडिलांनी आम्हांला विहिरीवर नेले.

विहीर देखणी होती. शेजारी महादूच्या कच्च्या विहिरीची दरड कोसळलेली पाहून काकांनी आपली विहीर दिवाळीनंतर तळाच्या कातळापर्यंत दगड-चुन्याने बांधून घेतली होती. मी वाकलो आणि पायातली चप्पल आत पडली. 'डुबुक' नव्हे, 'टप्प' असा आवाज आला. तळाशी घागरभर पाणी. भोवती संत्र्याची नवी कलमे माना टाकून उभी होती.

"मिरगापर्यंत (मृगाच्या पावसापर्यंत) नाई टिकत हे झाडं," काका म्हणाले. "सुरुंग लावून अजून खोल जातो."

महादूच्या विहिरीत मात्र पाणी होते. मी आत उतरून पाहिले. मातीखालच्या पिवळट मुरमातून ते झिरपत होते. मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक. पावसाचे पाणी तो भिजल्या पोत्यासारखे धरून ठेवतो, आणि खालचा अखंड काळा पाषाण ते आणखी खाली जाऊ देत नाही. काकांच्या पक्क्या बांधणीने नेमका तोच थर झाकला होता.

वर येऊन मी भीतभीतच म्हणालो, "काका, खाली नको... बांधकामाला मुरमापाशी भोके पाडली तर..."

"पक्की इहीर फोडू? पूजा घालून गावजेवण देल्लं म्या! गाव हासन ना बाप्पा!"

"आता काय गाव रडून राह्यलं, बाबा?" वसंता म्हणाला.

"तू चूप बैस. काऊन रे पोरा, तुह्या घरी इहीर हाये?"

"नाही, काका."

"मंग!"

मी निघेपर्यंत त्यांनी होकार दिला नाही. परतीच्या गाडीत वाटत राहिले, मी फक्त पुस्तकातले थर पाहिलेले. माझे चुकले असले तर बांधणीही जाईल आणि झाडेही.

कॉलेज उघडल्यावर वसंता आला. त्याने ट्रंक खाली ठेवण्याआधीच मी विचारले.

"फोडली बाबानं. कमरेइतकं पाणी आलं, झाडं जगली. पन महादूची इहीर तेवढीच उतरली. काठी घेऊन आलता तो."

"मग?"

"मंग काय! मुरूम एकच ना दोघायचा. पाऊस येईतोवर एक दिवस आमची मोट, एक दिवस त्याची."