न पेटलेली बियर

चव घेण्याआधीच निकाल देऊन मोकळ्या होणाऱ्या माणसांची मला चीड आहे. ती पहिल्यांदा आली नांदुऱ्याजवळच्या आमच्या मळ्यात, बहिणीच्या साखरपुड्याच्या दुपारी. इतकी वर्षं झाली, पण त्या दुपारची आठवण निघाली की माझी कानशिलं अजून तापतात.

मी तेव्हा बंगलोरकडे बियरच्या एका कारखान्यात होतो. भावकीत 'रसायनाचा कारखाना' एवढंच सांगितलेलं, खरं फक्त घरातल्यांना ठाऊक. माझं काम चव पारखायचं. हॉप नावाच्या वेलीची फुलं बियरमध्ये उकळतात, त्यांनीच तिला कडवटपणा आणि वास येतो. गिलास उजेडात धरायचा, फेस किती टिकतो ते बघायचं, नाक खुपसून वास घ्यायचा आणि घोट जिभेवर फिरवून गिळायचा. कडूपणा जिभेच्या मुळाशी कळतो, म्हणून बियर पारखताना थुंकून चालत नाही. तो कडूपणा आला तसा स्वच्छ निघून गेला पाहिजे. घशात चिकटून बसला तर बियर नापास. त्या वर्षी आमच्या साहेबांनी हॉप सढळ हातानं घालून थोडी वेगळी बियर काढून पाहिली होती. तिला संत्र्याच्या सालीचा वास होता आणि त्यामागून ओल्या गवताचा. तिच्याइतकी चांगली बियर मी तोवर चाखली नव्हती.

दारूबंदी नुकती सैल झाली होती, परवान्यावर बियर मिळू लागली होती. वडील म्हणाले, "पाहुण्यायसाठी तुह्या कारखान्यातलं काही आनजो." मी हौसेनं त्याच बियरचं खोकं रेल्वेनं आणलं आणि बाटल्या पोत्यात घालून विहिरीत सोडल्या.

पाहुणे साखरखेर्ड्याकडचे. त्यांच्यात नवऱ्या मुलाच्या मामाचा शब्द शेवटचा. मामा दारूचे पारखी म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध, आणि ही प्रसिद्धी ते स्वतःच सांगत फिरायचे. मुलगा नागपूरला शेतकीचं शिकलेला, खामगावला नोकरीला. मी विहिरीतून पोतं ओढायला गेलो तर तो मदतीला आला. बाटली बघून हळूच म्हणाला, "बियर काय? आमी होस्टेलवर पेत होतो. मले लई आवडते." मला तो आवडला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा राग त्यातूनच आला.

बायका स्वयंपाकात होत्या. पुरुष मंडळी गोठ्यात बसली, कारण उन्हात ज्योत दिसत नाही असं मामांचं म्हणणं. बियरला कसली ज्योत ते मला कळेना. मामांनी वाटी मागवली, तीत बियर ओतली, काडी ओढली आणि वाटीला लावली. आमच्याकडे मोहाची दारू अशीच पारखतात. निळी पेटली तर चोख, नाही पेटली तर पाणी घातलेली. बियर कशाला पेटतेय! काडी चुर्र करून विझली. मामांनी दुसरी ओढली, तिसरी ओढली.

"पेटत नाही बे हे," मामा म्हणाले. "आन हा फेस कायचा? साबन घोटला काय यात?"

मग त्यांनी घोट घेतला आणि तिथंच, बैलांच्या पायाशी थुंकला. "कडू! मयतीहून आल्यावर लिंबाचा पाला चावतो आपन. अन् यानं सोयरिकीच्या दिवशी आमाले कडू पाजलं!"

मामांनी तोंड वाकडं करताच त्यांच्या माणसांनी मी भरून दिलेले गिलास न पिताच खाली ठेवले. मी समजावू लागलो की ही बियर आहे, ती पेटत नसते, कडू असणं हाच तिचा गुण. "मले शिकवतं काय बे, पोट्ट्या?" मामा गरजले. मी मुलाकडे पाहिलं. त्याचा गिलास रिकामा होता, तळाला फेससुद्धा उरला नव्हता.

"तुमी तरी सांगा," मी म्हणालो.

तो बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाला, "मामा म्हन्तात ते बरोबरच असंल."

मामा अडाणी होते, त्यांचं एक वेळ सोडा. पण याला सगळं माहीत होतं! एक शब्द बोलला असता तर काय त्याची जीभ झडणार होती? माझ्या हातात बाटली होती आणि ती मी कुणाच्या टाळक्यात घातली नाही याचं मला आजही नवल वाटतं.

सोयरीक मोडतेय असं दिसताच वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मामांच्या पायावर ठेवली. "लेकराची चूक झाली, पोटात घाला," म्हणाले. उरलेल्या बाटल्या मला वांग्याच्या वाफ्यात ओताव्या लागल्या. कुणीतरी शेजारच्या मळ्यातून मोहाची आणली. ती भक्कन पेटली, मामांनी मान डोलवली आणि सोयरीक पुन्हा जुळली.

मी धुमसत स्वयंपाकघरात गेलो. बहीण नवं लुगडं नेसून, ओटी भरायला बोलावण्याची वाट बघत बसली होती. आरडाओरडा तिनं ऐकला होता. मी सगळं सांगितलं.

"त्याले माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हाव. सारा गिलास पेला त्यानं."

"अन् बाबाची टोपी त्याच्यासमोरच पडली?"

"हाव."

बोलावणं आलं. ती बाहेर गेली, पण पाटावर बसली नाही. सगळ्यांसमोर तिनं मुलाला सरळ विचारलं, "तुमाले कडू लागली काय ते बियर?"

आमच्याकडे ठरलेल्या नवऱ्याशी मुलगी अशी बोलत नसे. बायका तोंडाला पदर लावून एकमेकींकडे बघू लागल्या. मुलानं मामांकडे पाहिलं. ती थांबली. त्यानं पुन्हा मामांकडेच पाहिलं.

"बाबा," ती वडिलांकडे वळून म्हणाली, "टोपी घाला डोक्यावर. मले नाही जायचं या घरी."

मामा ताडकन उठले. आई रडू लागली. वडील टोपी हातात धरून नुसते उभे होते. मग त्यांनी ती मांडीवर झटकली आणि डोक्यावर नीट बसवली.