टेंबावरची आरती

आमच्या पेडण्यातल्या वस्तीला टेंब म्हणतात. घरं सगळी उतारावर, आमचं सर्वांत वर.

माडीवरची खोली एका फ्रेंच चित्रकार बाईंना दिलेली. त्यांचं गावही डोंगरावरचं, मध्ययुगातलं, तटबंदीच्या आत. मोबाइलवर दगडी गल्ल्या दाखवल्या तेव्हा मी म्हटलं, "किती देखणं!" बाई उखडल्याच. आधी चित्रकार आले, त्यांच्या मागून सिनेमावाले. बाईंच्या वडिलांनीही घर विकलं. आता दिवसभर गर्दी आणि संध्याकाळी सगळ्या खिडक्या काळोख्या. "माझ्याच गावात मी हॉटेलात उतरते," त्या म्हणाल्या.

मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "तिका सांग, हयसरय पयले चितारीच इले."

खालची बरीच घरं गेलीच होती. आमच्या घरालाही गिऱ्हाईक होतं. थोरला भाऊ मागे लागलेला, पण आई सही करेना. "माझो गणपती खय बसयतलंय?" एवढंच तिचं उत्तर. मला बरं वाटायचं. हे घर जावं असं मला मुळीच वाटत नव्हतं.

चवथीला घुमट, म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं मडकं, वाजवत आरतीवाले खालच्या घरापासून सुरुवात करतात आणि दर घरच्या गणपतीची आरती म्हणत वर येतात. आमची पाळी शेवटची. पूर्वी आमच्याकडे पोचेपर्यंत सगळ्यांचे घसे बसलेले असायचे. यंदा आम्ही मोजकेच. शेजारच्या काकांच्या फाटकाशी सवयीने थांबलो, घुमटावर थाप पडली, सूर लागला, आणि मग आठवलं. काकांनी घर एका नटाला विकलंय. आतून राखणदार आला, आम्हाला बघून त्याने चपला काढल्या आणि हात जोडले. आम्हाला तिथे उभं राहवेना.

आई ओसरीवर होती. घुमट वाजलं आणि मध्येच थांबलं, ते तिने ऐकलं होतं. आमच्या आरतीला सूर भरेना. फ्रेंच बाई झांज वाजवत होत्या, तीही बेताल. एरवी आईने झांज काढून घेतली असती.

दीड दिवसाने विसर्जन झालं. आई भावाला म्हणाली, "घेवन ये कागद. सही करतंय."

माझं डोकं फिरलं. "आनी गणपती?"

"तू आसस थय बसय. हय आरती गावूक कोण ऱ्हवलो?"



बाईंना आमची भाषा येत नाही. पण असं बोलणं त्यांनी स्वतःच्या घरात एकदा ऐकलेलं होतं. त्या उठल्या आणि आईजवळ जाऊन बसल्या.