ओस्टापची साखळी

माझा नवरा ओस्टाप हलुश्का न्हावी होता, पण गाव त्याला ओळखायचं ते साखळीमुळे. आमची टीम बॅजर्स. तिचा घरचा सामना असला की हा मैदानाच्या कडेला दहा यार्डांच्या साखळीचा पुढचा खांब धरून उभा. आम्हा कॅनडावाल्यांच्या फुटबॉलमध्ये तीन झटक्यांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना. सरकले की नाही अशी शंका आली की साखळी आत न्यायची, ताणायची, आणि पंचाने बघायचं. साखळीवाल्याने ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही. ओस्टापला ते सोपं जायचं. घरी तरी तो कुठे बोलायचा!

सदुसष्ट सालच्या शेवटच्या सामन्यात आमचा लाडका लाईल बुशार चेंडू पोटाशी धरून घुसला आणि माणसांच्या ढिगाखाली गेला. साखळी आली. चेंडू बोटभर मागे. फायनलला जायची संधी गेली. आणि खापर कुणाच्या डोक्यावर? ओस्टापच्या! "यानंच खांब पुढे सरकवला," असं समोरचा बेकरीवाला वॉल्ट पेनर म्हणाला. मग काय, मेला पावाबरोबर तेच फुकट वाटत सुटला.

दुकान ओस पडलं. ओस्टाप रोज वस्तऱ्याला धार लावायचा, खुर्ची पुसायचा आणि खिडकीतून बघत बसायचा. जुनी गिऱ्हाईकं मान खाली घालून स्टेशनजवळच्या न्हाव्याकडे जायची. मी पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, करून विकायला लागले, म्हणून चूल पेटत होती.

"सोड ती साखळी," मी म्हटलं. "नाहीतर दुकान जाईल."

"सोडली तर मी चोर ठरलो, स्टेफ्का."

"आणि नाही सोडलीस तर उपाशी चोर!"

तो हसला. मला मात्र रडू आलं.

अडुसष्टचा हंगाम म्हणजे काय सांगू! बॅजर्स जिंकतच सुटले. गाव नुसतं वेडं झालं होतं. पण ओस्टाप साखळी घेऊन आत निघाला की आरोळी यायचीच, "सरळ धर रे न्हाव्या!" मी वरच्या बाकावरून ओरडणाऱ्याकडे असं बघायचे की त्याचा घास घशात अडकावा.

शेवटचा घरचा सामना. जिंकलं तर फायनल. बर्फ भुरभुरत होतं, खेळ संपत आलेला, आम्ही मागे, आणि तिसऱ्या झटक्याला चेंडू पुन्हा बुशारकडेच! पुन्हा ढीग. पंचाने साखळी बोलावली. 'देवा, एवढा एक डाव चेंडू पुढे असू दे,' मी मनात म्हटलं. टीम गेली खड्ड्यात, मला माझ्या माणसाची काळजी.

साखळी ताणली. चेंडू मागेच होता.

पहिली शिवी उठली, तोच बुशार उठून उभा राहिला. पंचाने तोंड उघडायच्या आधी त्याने हात उंच केला, बोटांच्या चिमटीत किती कमी पडलं ते सगळ्या बाकांना दाखवलं आणि मान हलवली. मग ओस्टापच्या खांद्यावर हात ठेवून तिथेच थांबला. दुसरी शिवी उठलीच नाही. सामना आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची घंटा वाजली. बुशार आला होता. खुर्चीत बसला, दाढीला फेस लागला, आणि मग म्हणाला, "मागच्या वर्षीही मी कमीच पडलो होतो. पडलो तेव्हाच मला कळलं होतं."

मी आतून तरातरा बाहेर आले. "मग वर्षभर तोंडाला काय कुलूप लावलं होतंस?"

"भीती वाटली, मिसेस हलुश्का. लोकांनी डोक्यावर घेतलं होतं मला."

"आणि ह्याला पायाखाली तुडवलं त्याचं काय!"

"स्टेफ्का," ओस्टाप म्हणाला, "त्याच्या गळ्यावर वस्तरा आहे. जरा हळू."

"आता बेकरीत हेच सांगून आलोय," बुशार पुटपुटला. "सगळ्यांसमोर."

घंटा पुन्हा वाजली. दारात वॉल्ट पेनर, टोपी हातात, कोटावर पीठ. मी कंबरेवर हात ठेवून तयारच होते. पण तो माझ्याकडे बघेना. "थांबावं लागेल का, ओस्टाप?" त्याने विचारलं.

ओस्टापने मान वर केली नाही. पायाने एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"हो. रांग आहे," तो म्हणाला.

मी आत गेले आणि एप्रनमध्ये तोंड खुपसून मनसोक्त रडले.