निवेदिकेच्या डोळ्यांखालची वर्तुळं

माझी आत्या फोटो स्टुडिओत रिटचिंग करायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. म्हणून चेहऱ्यावरची सावली घालवायची तर पेन्सिलीने भरायची आणि पांढरट डाग काढायचा तर बारीक पात्याने खरवडायचा. एकतीस वर्षं तिने हेच केलं. स्टुडिओचे मालक तिला ‘खोडरबर’ म्हणत आणि तिला त्यात मान वाटे. घरी कुणी आलं की तिची नजर आधी त्याच्या मुरमांवर जायची. माझ्या आईला ते खपत नसे. “वन्सं, चहा प्या, माझी हनुवटी नका बघू,” असं ती सरळ तोंडावर म्हणायची.

आत्याच्या हातून गेलेला सगळ्यात गाजलेला फोटो म्हणजे टीव्हीवरच्या निवेदिकेचा. तेव्हा एकच चॅनेल होतं, त्यामुळे ही बाई घराघरात नात्यातल्यासारखी झाली होती. तिला मुलगी झाली आणि टीव्ही केंद्रात अभिनंदनाच्या पत्रांचे गठ्ठे येऊन पडले. पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला मायलेकींचा फोटो पाठवायचा, असं केंद्राच्या साहेबांनी ठरवलं. फोटो आत्याच्याच स्टुडिओत निघाला.

पहिली कच्ची प्रत बघायला निवेदिका स्वतः आली. तीन महिन्यांचं बाळ कडेवर, केस कसेतरी बांधलेले. फोटोत डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि गडद ब्लाऊजच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग.

“हे राहू द्या ना,” ती म्हणाली. “तीन महिन्यांत मी सलग दोन तास झोपलेली नाही. दिसू दे की लोकांना.”

“लोकांना तुम्ही टीव्हीवर दिसता तशाच हव्यात, बाई,” आत्या म्हणाली.

निवेदिका “बरं” म्हणून निघून गेली. आत्याने दोन दिवस मान मोडून काम केलं. वर्तुळं गेली, डाग गेला. फोटो न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या ऑफिसात, जिथे तिथे लागला. एवढी सुंदर आई कुणी पाहिली नव्हती.

पुढे मालक वारले, स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आलं आणि निगेटिव्हचे डबे आत्याच्या पलंगाखाली. गेल्या वर्षी एक दिवस सकाळी दारात एक तरुण बाई उभी राहिली. पोटाशी दोन महिन्यांचं बाळ बांधलेलं, अंगात उलटा घातलेला स्वेटर.

“मोबाइलवाल्यांनी पत्ता दिला,” ती म्हणाली आणि पिशवीतून तोच फोटो काढला, कडा पिवळ्या पडलेला. “यातलं बाळ मी.”

आत्याने फोटो हातात घेऊन आधी स्वतःचं काम तपासलं. “अजून कुठे पेन्सिल दिसत नाही बघ,” असं मला म्हणालीसुद्धा.

“तेच तर,” पाहुणी म्हणाली. “लहानपणापासून हा फोटो बघतेय. मला वाटायचं, आईला काही जडच गेलं नसणार. माझे इथे नाकी नऊ आलेत. परवा आईपुढे रडले, तर ती म्हणाली, अगं, तो फोटो खोटा आहे, जाऊन त्या स्टुडिओतल्या बाईंना विचार.”

मला वाटलं, आत्या आता चिडणार. पण ती सरळ पलंगाखाली वाकली. तिसऱ्या डब्यात निगेटिव्ह सापडली, पोस्टकार्डाएवढी. तिने टर्पेंटाइनमध्ये कापसाचा बोळा भिजवला आणि चेहऱ्यावरून अलगद फिरवला. तिची दोन दिवसांची मेहनत कापसावर करड्या रंगाने उतरली.

मग आत्याने आणि मी बाथरूमच्या खिडकीला घोंगडी लावली आणि लाल दिवा पेटवला. आत्याकडच्या जुन्या फोटोच्या कागदावर निगेटिव्ह, वर काच, क्षणभर पांढरा दिवा, असा साधा ठसा घेतला. तबकातल्या रसायनात हळूहळू चेहरा उमटला. दमलेला, सुजलेल्या पापण्यांचा, ओठांच्या कोपऱ्यात मात्र थोडं हसू.

बाहेर येऊन ती पाहुणीला म्हणाली, “वर्तुळं मिळाली. दुधाचा डाग मात्र मी पात्याने खरवडला होता. तो परत येत नाही. मी तेव्हा विचारायला हवं होतं. म्हणजे, त्यांनी सांगितलंच होतं. मी ऐकलं नाही.”

पाहुणीने एका हातावर बाळ सावरत ओला फोटो कडेने धरला. “ही आई आहे,” ती म्हणाली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून आत्याने बाळ घेतलं.

फोटो वाळायला तासभर हवा होता. तेवढ्यात पाहुणी आमच्या कोचावर बसल्या बसल्या झोपली, मान एका बाजूला टाकून. आत्या बाळाला खांद्यावर घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. मी मिक्सर लावायला गेले तर डोळे वटारले. फोटो कधीच वाळला होता, तरी दोन तास तिने कुणाला उठवू दिलं नाही.

आठवड्याने निवेदिकेचा फोन आला. आवाज तसाच, प्रत्येक शब्द सुटा.

“फोटो बैठकीत लावलाय,” ती म्हणाली. “लेक खूश आहे. आमचे हे मात्र म्हणतात, जुनाच बरा होता.”

“पुरुषांचं काय सांगावं,” आत्या म्हणाली.

“मलाही कधी कधी तसंच वाटतं, खरं सांगू का.”

“मग दोन्ही लावा की,” आत्या म्हणाली. त्यानंतर दोघी अर्धा तास गुडघेदुखीवर बोलल्या.