ओसाकातली दोघांची खुर्ची

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. तिघांचं टोकियोतल्या फुनाबोरीहून ओसाकाला जाण्यायेण्याचं भाडं सुमारे अठ्ठ्याऐंशी हजार येन. हजर: मी, मुलगी मिहिका आणि माझे सासरे अप्पा.

अप्पांचे वडील गोविंदराव एका संस्थानिकाच्या राजवाड्यात सव्वीस वर्षं फ्रेंच फर्निचरला पॉलिश करत होते. त्यावर अप्पांच्या घरातलं कोणी कधी बसलं नाही. तशीच एक खुर्ची, पॅरिसमध्ये हिंदुस्थानी राजासाठी घडवलेली, ओसाकात विकायला आहे, हे मिहिकाने फोनवर दाखवलं. भारतात परतण्यापूर्वी अप्पांना तिच्यावर एकदा बसायचं होतं.

दुकानात शिरताना बूट काढावे लागले. मालक मोरिता-सान सत्तरीचे. खुर्ची तातामीवर (गवताच्या चटयांवर) ठेवलेली. अंगभर सोनेरी वेलबुट्टी, हातांवर हत्ती. हत्तींचे कान कोबीच्या पानांसारखे. चिठ्ठीवर लिहिलं होतं: दोघांसाठी, अठरा लाख येन.

"बसायचं नाही म्हणतात," मिहिका म्हणाली. "फक्त विकत घेणाऱ्याने."

अप्पा वाकून पाहत राहिले. "दोघांची कशी असेल, जावईबापू? एवढी बुटकी. पाय सोडून बसलं तर गुडघे हनुवटीला लागतील. ही मांडी घालून बसायची आहे. सांग त्यांना, मिहिका."

मिहिकाने सांगितलं. मोरिता-सान आत जाऊन पांढरं कापड घेऊन आले, ते खुर्चीवर अंथरलं आणि म्हणाले, "दोझो" (बसा).

अप्पांनी मांडी घातली. दोन्ही गुडघ्यांशेजारी दोन-दोन बोटं जागा उरली. कोपरं बरोबर हत्तींवर आली. मोरिता-सानांनी टेप लावून मोजलं आणि लिहून घेतलं.

"कसं वाटतंय, आजोबा?"

"पाठीमागचं नक्षीतलं कमळ टोचतंय. बाबांनी हे कधी सांगितलं नाही."

"त्यांना कसं कळणार? ते बसलेच नव्हते ना."

चार मिनिटांनी अप्पा उठायला गेले, तर गुडघा धरला होता. मी आणि मोरिता-सानांनी दोन्हीकडून धरून उतरवलं.

मोरिता-सानांनी नवी चिठ्ठी लावली: एकासाठी, तेवीस लाख. मग जाणकाराचं मानधन म्हणून एक पाकीट दोन्ही हातांनी अप्पांपुढे धरलं आणि पावतीवर नाव काय लिहायचं ते विचारलं.

परतीच्या गाडीत अप्पांनी बूट काढून सीटवर मांडी घालून पाहिली. मावली नाही. बसणाऱ्याचं माप घेऊन केलेली खुर्ची मी आयुष्यात ही एकच पाहिली. बाकी सगळीकडे आपणच जुळवून घेतो.

अखेर पाकिटातून मिळाले पाच हजार येन. पावतीवर मिहिकाच्या जपानी अक्षरात घेणाऱ्याचं नाव: गोविंदराव पॉलिशवाले.