स्वतःचीच सिम्फनी सहन न झालेले माएस्त्रो

शेवटची काही वर्षं माएस्त्रोंना संगीत म्हणजे छळ वाटायचा.
आज सकाळी ते सुटले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माएस्त्रो म्हणजे माझे पियानोचे सर. इटालियन. कंपोझर.
तरुणपणी तिकडच्या मोठमोठ्या हॉलमध्ये त्यांचं म्युझिक वाजलं, बक्षिसं मिळाली. मग फॅशन बदलली आणि त्यांना कोणी विचारेना.

मस्कतला छोट्या काँट्रॅक्टवर शिकवायला आले आणि इथेच राहिले. वादी कबीरच्या फ्लॅट्समधली आम्ही पोरं त्यांच्या वाट्याला आलो.

दयामाया नाही.

माझ्या डॅडींनी एकदा विचारलं, "सर, मुलगी कशी वाजवते?"
"टायपिंग छान करते. ऑफिसात लावा."
डॅडी वसईचे साधे गृहस्थ. "थँक यू, सर," म्हणाले. त्यांना ते कौतुक वाटलं.

मी घरी येऊन रडले. तरी पुढच्या क्लासला गेले.
कारण एखादी ओळ खरंच जमली, की हा माणूस खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा. त्या पाठमोऱ्या उभं राहण्यासाठी आम्ही मरमर मरायचो.

सुट्टीच्या दिवशी ते सिम्फनी लिहायचे. वर्षानुवर्षं तीच एक. इटलीला पाठवायची, नकार यायचा, की पुन्हा लिहायला बसायचे.

मग स्ट्रोक आला.
हात वाचले. बोलणं वाचलं. कानही ठीक.
डॉक्टर म्हणाले, मेंदूला आता सूर कळत नाहीत, नुसता आवाज कळतो.

मी पियानोला हात लावला की म्हणायचे, "भांडी आपटू नको."

आणि त्यानंतर इटलीहून होकार आला. एक ऑर्केस्ट्रा सिम्फनी वाजवणार होता.

लाइव्ह स्ट्रीमला ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मांडीवर सिम्फनीचा लिहिलेला स्कोअर. नोटेशन त्यांना अजून वाचता येत होतं.
ऑर्केस्ट्रा सुरू झाला. त्यांचं बोट ओळीवरून सरकत राहिलं. मग थांबलं.

"कागदावर सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "हे लोक लोखंडी पत्रे का ओढतायत?"
"सर, बरोबर वाजवतायत ते."
"खलास. बंद कर."

मी लॅपटॉप म्यूट केला. चित्र चालू राहिलं. आम्ही दोघं शेवटपर्यंत ते मुकं बघत बसलो.
शेवटी सगळा हॉल उभा राहिला.

"उभे का राहिलेत?"
"तुमच्यासाठी, सर."

त्यांनी स्कोअर मिटून बाजूला ठेवला.
"बसायला सांग त्यांना."

मला तेव्हा हसू आलं होतं. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

फादरनी आत्ता फोनवर विचारलं, फ्युनरलला क्वायरने काय गायचं?
मी म्हटलं, काहीच नको.

उद्या दफनभूमीत येणार असाल तर फोन सायलेंट ठेवा.

जा माएस्त्रो. आता कोणी काही वाजवणार नाही.