डुकराच्या केसांचा ब्रश

शेजारचा वामन कल्याणास सासुरवाडीला वारला हे सांगायला माणूस आला, तेव्हा मी घोडा सोडून अंगणात माझी घोडागाडी, माझा शिग्राम, पुसत होतो. हातातलं फडकं गळलं, ओट्यावर बसलो, आणि डोळ्यांत पाणी येण्याआधी मनात आलं… आता वराती माझ्या गाडीतून निघतील! महिना झाला, पण त्या विचाराची लाज अजून पुरती वाटलेली नाही. वामनला कळलं असतं तर म्हणाला असता, "लेका, मी मेलो तेव्हा कुठे तुझा पहिला नंबर!"

ठाण्याच्या कचेरीत आम्ही एका बाकावर, घरं एका कुंपणाला, आणि दोघांचे जुने शिग्रामही एकाच दिवशी घेतलेले. ते घरीच रंगवायचं ठरलं. आता रोगणाची सगळी चकाकी ब्रशावर. केवड्याच्या मुळाचा कुंचा भिंतीला ठीक, गाडीवर त्याचे असे चर उमटतात की त्यांत भात लावावा. बकरीच्या केसांचा घेतला तर केस गळून गाडीला दाढी येते. म्हणून मी मुंबईहून विलायती ब्रश मागवला. काय ब्रश! दौतीत बुडवला असता तर अख्खी दौत पिऊन वर ढेकर दिला असता. सोबतची चिठ्ठी मी कौतुकाने आईला वाचून दाखवली, "अस्सल रानडुकराचे केस." आई ओरडली ती खाडीपलीकडे कळव्यात ऐकू गेली. "मेल्या, घरात डुक्कर आणलंस?" ब्रश चिमट्याने उकिरड्यावर गेला, मी अंगावरच्या कपड्यांनिशी न्हालो, आणि गाडीला केवड्याचं मूळ फिरवलं.

आठ दिवसांनी वामनचा शिग्राम बाहेर आला. त्यात मला माझी मिशी दिसली, मिशीतला पांढरा केसही दिसला! तेव्हापासून गावात वरात निघाली की नवरानवरी त्याच्या गाडीत, माझ्या गाडीत रुखवताचे लाडू. शेवटी कुंपणावरून विचारलंच, "ब्रश कुठला रे?"

"तुझाच. उकिरड्यावर पडला होता."

"डुकराचा? गावभर सांगतो!"

"सांग की. आणला कोणी, तेही सांग."

बारा वर्षं मी गप्प बसून जळलो.

परवा वामनच्या बायकोने, वहिनींनी, बोलावलं. दाराआडून म्हणाल्या, "भाऊजी, यंदा गाडीला रोगण लागलं नाही. तुम्हीच लावावं, असं सांगून गेलेत." तबेल्यात जवसाच्या तेलात तो ब्रश टांगलेला होता. आई आता नाही, मी बिनदिक्कत उचलला. अखेर माझा ब्रश माझ्या हातात! गाडीच्या दारावर फिरवला… चर. पुन्हा फिरवला, पुन्हा चर. उजेडात धरून पाहिला. वामन डावखुरा. त्याच्या हाताने केस एका अंगाला झिजून तिरपे झाले होते. झक मारत डाव्या हातात धरला. रोगण पाण्यासारखं पसरत गेलं.

आतून वहिनींचा भरलेला आवाज आला, "अगदी यांच्यासारखं लावता हो…"

हात माझा आहे, असं ओठांवर आलं होतं. गिळलं, आणि गाडीचं दुसरं दार रंगवायला घेतलं.